केर्न लॉखनला जाताना या चुका टाळा

स्कॉटलंडमधील तीन हजार फुटांहून उंच शिखरांची यादी ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात स्वतंत्र पर्वत व त्यांची उपशिखरे वेगळी दाखवली. केर्न गॉर्म (१२४५ मीटर) या पर्वताचे केर्न लॉखन (१२१६ मीटर) हे असेच एक उपशिखर आहे. कळसूबाईची १६४६ मीटर उंची गाठलेल्या ट्रेकरला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि पहिली चूक तिथेच होते. हे उघडे पठार ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च १९८६ मध्ये केर्न गॉर्मच्या माथ्यावर वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २७८ किलोमीटर नोंदला गेला होता.

सर्वांत घातक चूक कड्याजवळून चालण्याची आहे. शिखराची उत्तर बाजू सरळ तुटलेली आहे आणि माथ्यावरची दगडांची रास त्या कड्याच्या अगदी जवळ आहे. दक्षिणेकडचा वारा पठारावरचे हिम कड्यापर्यंत ढकलतो आणि तेथे त्याचा अधांतरी छज्जा तयार होतो. वरून पाहणाऱ्याला जमीन व छज्जा एकाच पांढऱ्या पृष्ठभागासारखे दिसतात. तो तुटतो तेव्हा भेग दिसणाऱ्या काठाच्या बरीच मागे पडते, म्हणून काठापासून थोडे दूर राहिलो की झाले, असे मानू नये. आधी चालून गेलेल्यांच्या पाऊलखुणांवरही विसंबू नये, कारण तेही छज्ज्यावरूनच गेलेले असू शकतात. केर्न गॉर्मकडून पश्चिमेला येताना कडा उजव्या हाताला असतो आणि त्याची रेषा मध्येच आत वळते, हे नकाशावर आधीच पाहून ठेवावे.

धुक्यात उतरण्याची घाई झाली की वाहनतळ उत्तरेला आहे म्हणून पावले उत्तरेकडेच वळतात, आणि तिकडे कडाच आहे. प्रथम नैर्ऋत्येकडे उतरून मगच पश्चिमेकडच्या रुंद धारेवरून उत्तरेकडे वळावे. वाट चुकल्याची शंका आल्यास जागीच थांबावे, शेवटची खात्रीची जागा नकाशावर शोधावी आणि होकायंत्राने दिशा ठरवून पावले मोजत पुढे जावे. फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरत असल्याने कागदी नकाशा हवाच.

वेळेचा हिशेब स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमाने करतात: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. हा नियम वारा व मऊ हिम धरत नाही, आणि डिसेंबरच्या मध्यावर तेथे उजेड सात तासही नसतो. हिवाळ्यात निघण्यापूर्वी हिमस्खलनाचा त्या दिवसाचा अंदाज वाचणे टाळू नये. फक्त हवामान पाहून निघणारे बरेच असतात.

अडकल्यास ९९९ वर पोलिसांना फोन करून माउंटन रेस्क्यूची (डोंगरातील बचाव पथकाची) मागणी करावी. संपर्क नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत द्यावेत, एक मिनिट थांबावे आणि मदत येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा.