उन्हाळ्याआधी इन्व्हर्टरच्या बॅटरीची तयारी

मे महिन्यात वादळ सुटलं की गावात लाईन तासन्‌तास जाते. तोवर थांबू नका, होळीच्या सुमारासच हे काम उरका. खाली 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) पाण्याची ट्युब्युलर, म्हणजे नळीसारख्या प्लेटांची बॅटरी धरली आहे.

आधी जागा बघा. टिनाखाली ठेवलेली बॅटरी 45 अंशांच्या दुपारी भाजून निघते, आणि कायम 10 अंश जास्त तापमानात राहिली तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. आतल्या गार, हवेशीर खोलीत ठेवा. देवघर आणि चुलीपासून लांबच, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

पाणी फक्त डिस्टिल्ड. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी तर अजिबात नको, त्यातले क्षार प्लेटा खातात. फिल्टरचंही चालत नाही. पाणी पूर्ण चार्जिंगनंतर खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये फुगून ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील इतकं टाका, मग चार्ज करा. वरून ॲसिड कधीच टाकू नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना, तिच्यामुळे करंट अडतो आणि वायरचं टोक तापतं. इन्व्हर्टर बंद करा, प्लग काढा, आधी निगेटिव्ह वायर सोडवा. झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडं पुसा, वायर घट्ट कसून व्हॅसलीन लावा.

आता खरं काम चार्जिंगचं. बॅटरी वापरल्याने जेवढी खराब होत नाही, तेवढी अर्धवट भरलेली राहिल्याने होते. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग निघत नाही. इन्व्हर्टरवर बॅटरीचा प्रकार ‘ट्युब्युलर’ आणि चार्जिंग करंट 15 अँपिअरच्या आसपास ठेवा. अर्धी उतरलेली बॅटरी भरायला 8 ते 10 तास लागतात. मोटरपंप सुरू झाले की गावात व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर साधारण 180 व्होल्टच्या खाली तो लाईन असूनही बॅटरीवर जातो, आणि घरात कोणाला कळतही नाही. म्हणून बटण साध्या मोडवर ठेवा.

बॅटरी भरली का, हे इन्व्हर्टरच्या दिव्यावरून ठरवू नका. चार्जर काढून, लोड बंद करून तीन-चार तासांनी मल्टीमीटर लावा: 12.5 ते 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.1-12.2 म्हणजे साधारण अर्धी. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी काचेची नळी) बॅटरीचे सहाही खाने (सेल) तपासा. प्रत्येकाचा आकडा 1240 च्या जवळ हवा. एखादा 30 अंकांहून मागे असेल तर इक्वलायझिंग चार्ज द्या, म्हणजे सगळे खाने सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम दिलेला जादा चार्ज. तरी वर आला नाही तर तो खाना गेला समजा.

लोडला दोन पंखे आणि तीन-चार एलईडी पुरे. एवढ्यावर चार तासांत बॅटरी अर्धी होते. कूलर जोडला तर दोनच तासांत.

लग्नासराईत घर बंद राहणार असेल तर पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर काढून ठेवा, आणि परतल्यावर आधी चार्जिंगला लावा.