सूर्यास्ताच्या फोटोंना मार्क देण्याआधी: परीक्षकाची तयारी

सोसायटीच्या, वाचनालयाच्या किंवा ट्रेकिंग ग्रुपच्या हौशी स्पर्धेसाठी तुम्हाला परीक्षक म्हणून बोलावलं असेल, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सूर्यास्त देखणा असतोच, त्याला मार्क द्यायचे नाहीत. मार्क मिळायला हवेत ते कुठे उभं राहायचं हे ज्याने ठरवलं, काय सोडायचं ते ज्याला कळलं आणि नेमक्या क्षणी ज्याने बटण दाबलं त्याला. पुढची सगळी तयारी एवढ्याचसाठी आहे.

होकार देतानाच आयोजकांकडून नियम लेखी मागून घ्या. फोटो कोणत्या काळातले, मुंबईतलेच की कुठलेही चालतील, एकाचे किती, रंग-उजेडात किती फेरफार चालेल, दोन फोटो जोडलेले चालतील का, एआयने बनवलेल्या चित्रांचं काय. हे आधी ठरलं नसेल तर निकालाच्या दिवशी भांडण ठरलेलं. माझं मत विचाराल तर मोबाइल आणि कॅमेरा असे वेगळे गट करू नका, शाळकरी मुलांचा गट मात्र नक्की वेगळा ठेवा. प्रवेशिकांवरची नावं काढून फक्त क्रमांक ठेवायला सांगा. स्पर्धेत तुमची भाची किंवा शेजारचे काका असतील तर तसं आधीच सांगून टाका आणि त्या फोटोचे मार्क दुसऱ्या परीक्षकांवर सोडा. परीक्षक तीन असले की बरं, बरोबरीचा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे ‘फोटो’ म्हणून मागवू नयेत, हेही आयोजकांच्या कानावर घाला. तिथे फाइल दाबली जाते आणि केशरीपासून जांभळ्यापर्यंत हळुवार उतरत जाणाऱ्या आकाशात पट्टे पडतात. शिवाय तारीख, वेळ, लेन्स यांची नोंद निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हवर एक फोल्डर उघडून द्या.

आता खरी तयारी, जी बहुतेक परीक्षक करत नाहीत: फोटो बघण्याआधी आकाश बघून या. शनिवार-रविवार संध्याकाळी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर जा आणि फोटो न काढता नुसते उभे राहा. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजून गेलेले असतात. वेळेइतकीच दिशाही सरकते. डिसेंबरात तो पश्चिमेच्या बराच दक्षिणेला बुडतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. मरीन ड्राइव्हच्या मधल्या कट्ट्यावर बसलात तर हिवाळ्यात तो उघड्या समुद्रात उतरतो आणि जूनमध्ये मलबार हिलच्या मागे जातो. गिरगाव चौपाटीवरून तो डोंगराआडच जाणार. दादर चौपाटीवर उन्हाळ्यात तो सी लिंकच्या मनोऱ्यांकडे सरकलेला दिसतो, थंडीत वरळीच्या इमारतींकडे. हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की एखाद्याने योग्य जागेसाठी योग्य महिना निवडलाय की नाही, ते फोटोत लगेच कळतं. त्या निवडीला मार्क आहेत.

सूर्याची थाळी क्षितिजाला टेकल्यापासून दिसेनाशी होईपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटं जातात. घड्याळ लावून बघाच, म्हणजे त्या वेळात एखाद्या होडीला बरोबर सूर्यासमोर पकडणं किती अवघड असतं ते समजेल. क्षितिजापाशी हवेच्या थरांमुळे प्रकाश वाकतो आणि सूर्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. त्यामुळे दूरचं जवळ आणणाऱ्या मोठ्या टेली लेन्सच्या फोटोत सूर्य चपटा दिसला तर तो दोष नाही. थंडीतल्या धुरकट संध्याकाळी तो क्षितिजाला टेकायच्या आधीच विरून जातो, तोही सूर्यास्तच. आणि मावळला की लगेच उठून जाऊ नका. पुढची वीसेक मिनिटं उंचावरच्या ढगांना खालून उजेड लागत असतो. पावसाळ्याच्या आगेमागे आकाश धुतलेलं असेल तर रंगांची खरी उधळण तेव्हाच होते. तोवर बरेच जण भेळ खायला वळलेले असतात. जो थांबला त्याचा फोटो ओळखू यायला हवा.

जमलं तर ओहोटीच्या संध्याकाळी जुहूला जा. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ओहोटी आणि सूर्यास्त एकत्र येणारे दिवस मोजकेच असतात. त्या दिवशी ओल्या वाळूत अख्खं आकाश उतरतं. तो फोटो ज्याने आणलाय त्याने भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं असण्याची शक्यता बरीच आहे.

पडद्याची तयारी थोडक्यात. सगळे फोटो एकाच पडद्यावर बघा, मोबाइलवर नको. रात्री पिवळसर करणारा मोड बंद करा, नाहीतर प्रत्येक सूर्यास्त तुम्हाला जास्तच ऊबदार वाटेल. खोलीतला दिवा आणि पडद्याचा उजेड पूर्ण वेळ एकसारखा ठेवा.

पहिल्या फेरीत मार्क देऊ नका. सगळे फोटो एकदा सरळ बघून जा. पन्नास केशरी आकाशं ओळीने पाहिली की डोळा बधिर होतो आणि मग जो सर्वांत भडक तोच उठून दिसतो, म्हणून मध्ये उठून चहा घ्या, खिडकीबाहेर बघा. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, शेवटच्या क्रमांकांनाही ताजी नजर मिळू द्या. मार्कांचा तक्ता मी साधा ठेवते: निम्मे मार्क रचना आणि क्षण यांना, उरलेले प्रकाशाच्या हाताळणीला आणि फोटो काय सांगतो त्याला. तांत्रिक सफाईचा वेगळा रकाना हौशी स्पर्धेत नसावा, त्यात महागडा कॅमेरा जिंकतो.

समजा, दादरचा एक फोटो समोर आहे. सूर्य अर्धा बुडालाय, क्षितिज किंचित डावीकडे कललंय. पुढे एक आजोबा पाठमोरे उभे आहेत आणि त्यांच्या हातातल्या काठीचं टोक लाट मागे गेल्यावर राहिलेल्या पाण्याच्या पातळ थरात बरोबर सूर्याच्या प्रतिबिंबावर टेकलंय. आकृती पूर्ण काळी आहे, तरी कोपर आणि कमरेमधून आकाशाचा एक तुकडा दिसतो, त्यामुळे ते माणूस म्हणून वाचता येतात. क्षितिज सरळ करायला पाच सेकंद लागतात. कोपराची ती फट दिसेपर्यंत थांबायला नजर लागते. अशा फोटोला कललेल्या क्षितिजापायी खाली ढकलू नका. उलट सरळ क्षितिज, मधोमध सूर्य आणि पुढे काहीच नाही, अशा निर्दोष फोटोजवळ जरा थांबा आणि विचारा, यात काढणाऱ्याने काय केलं?

शंकेचीही तयारी हवी. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने आडव्या फोटोत सूर्याची थाळी रुंदीच्या साधारण १५०व्या भागाएवढी येते, चकाकीने थोडी फुगते इतकंच. म्हणून मोबाइलच्या साध्या फोटोत हाजी अलीच्या मनोऱ्याएवढा सूर्य दिसला तर तो बाहेरून आणून बसवलेला असणार. पाण्यातला उजेडाचा पट्टा सूर्याच्या बरोबर खाली आहे का, तेही बघा. गेटवेवर उभं राहून समोरच्या पाण्यात सूर्यास्त मिळत नाही, तिथला समुद्र पूर्वेकडे आहे. २०२४ मध्ये समुद्रालगतच्या कोस्टल रोडवर वाहनं धावू लागली. वरळी-हाजी अलीच्या बाजूचा रुंद फोटो ‘या वर्षीचा’ म्हणून आला आणि त्यात रस्त्याचा मागमूस नसेल तर मूळ फाइल मागा. मात्र विचारताना चोर पकडल्यासारखं विचारू नका. कित्येकांना फोनने आपणहून काय केलं हेच ठाऊक नसतं.

दोन ठिकाणी मी अजिबात सवलत देत नाही. बँडस्टँडच्या खडकांवर किंवा मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर (लाटा अडवायला टाकलेले काँक्रीटचे ठोकळे) भरतीच्या वेळी उतरून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी बक्षिसात नसावा, नाहीतर पुढच्या वर्षी चार पोरं तिथेच उतरतील. आणि कट्ट्यावर बसलेल्या जोडप्याचे चेहरे ओळखू येत असतील, त्यांना विचारलेलं नसेल, तर तो फोटो भिंतीवर लागता कामा नये. या शहरात दोघांना निवांत बसायला जागा किती कमी आहे, आपल्याला माहीत आहे. पाठमोरी काळी आकृती असेल तर हरकत नाही.

शेवटची तयारी म्हणजे वही. प्रत्येक फोटोसाठी दोन वाक्यं लिहा, बक्षीस मिळो न मिळो: काय आवडलं आणि पुढच्या वेळी काय करून बघावं. ‘छान प्रयत्न’ लिहू नका. ‘डावीकडचा विजेचा खांब टाळायला दोन पावलं उजवीकडे सरकायचं होतं’ असं लिहा. या चिठ्ठ्या निकालाच्या दिवशीच हातात पडतील असं बघा, कारण नंतर कोणी पाठवत नाही. मार्कांचे कागद आठवडाभर जपून ठेवा, आणि प्रदर्शन लावायचं असेल तर फोटो ज्याचा त्याची परवानगी आणि खाली त्याचं नाव, दोन्ही आयोजकांकडून आधीच कबूल करून घ्या.