शेंगाचटणीत जवस

सासूबाईंना पोट साफ न होण्याचा त्रास जुनाच. जवस द्यायचे ठरवले, पण अख्खे दाणे दातांत अडकतात म्हणून त्या टाळायच्या. शिवाय अख्खा जवस बराचसा न पचताच बाहेर पडतो. फोडला तरच त्यातलं ओमेगा-3 अंगी लागतं. सोलापूरच्या घरात शेंगाचटणीवाचून ताट वाढलं जात नाही, म्हणून तिच्यातच निम्मे जवस घातले.

जवस मंद आचेवर हलवत राहायचे. तडतड सुरू होऊन खमंग वास आला की लगेच ताटात पसरायचे, नाहीतर कडवट होतात. गार झाले की भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचे. तेल सुटून चटणीचा मुटका वळायला लागला की झाली. मिक्सरला ती चव येत नाही, हे माझं ठाम मत.

इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, कुटलेले जवस लवकर खवट होतात. त्यामुळे चटणी आठवड्यापुरतीच करते आणि फ्रिजमध्ये ठेवते.

सुरुवात छोट्या चमच्याने केली. मोठा चमचाभर जवसपूड म्हणजे साधारण 7 ग्रॅम, त्यात जवळपास 2 ग्रॅम तंतू असतात. सोबत पाणी भरपूर हवं, नाहीतर पोट उलट जड होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंचा त्रास आता बराच कमी आहे. कडक भाकरीवर दही आणि ही चटणी त्या स्वतःच मागून घेतात.