नागपुरात पाहुणे आले की एक सकाळ पक्ष्यांची

नाताळच्या सुट्टीत घरचे सगळे नागपुरात जमणार असतील तर एक सकाळ गोरेवाडा किंवा अंबाझरी तलावासाठी ठेवा. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, तेव्हा काठावर पोहोचलेले असा. ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतात. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) एक दुर्बीण पुरते. मुलांना ती आधी गच्चीवर कावळ्यावर फिरवू द्या. सुरुवात वारकरी नावाच्या पाणपक्ष्यापासून करा: काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा, लहानांनाही लगेच सापडतो. दुर्मीळ पक्ष्यांचा हट्ट नको. दीड तासात मुलं कंटाळतातच, मग तर्री-पोहे आहेतच. आणि हो, कानटोप्या विसरू नका.