मर्फी ॲव्हेन्यूवर कुत्र्याला घेऊन जेवायला जाताना: सनीवेलला नवीन आलेल्यांसाठी

कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला आलेल्या मराठी घरांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुत्रा येतो. मुलं हट्ट धरतात, अपार्टमेंट सुटून टाउनहाउस मिळालेलं असतं, आणि एखादा लॅब (लॅब्राडोर) किंवा गोल्डनडूडल घरचा होतो. पुढच्याच शनिवारी सगळे त्याला घेऊन डाउनटाउनला जेवायला निघतात आणि गडबड तिथेच होते. चुका दर वर्षी त्याच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी कायदा, कारण तो माहीत असला की निम्मे वाद होत नाहीत. कॅलिफोर्नियात 2014 साली कायदा झाला आणि 2015 पासून रेस्टॉरंटच्या बाहेरच्या बसायच्या जागेत, म्हणजे पॅटिओवर, पाळीव कुत्रा आणायला परवानगी मिळाली. पण ही परवानगी मालकाच्या मर्जीवर आहे. त्याला नको असेल तर नको. शेजारच्या पॅटिओवर चार कुत्रे दिसतात म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नका. शहराला किंवा काउंटीलाही हे बंद करता येतं. पॅटिओला बाहेरून स्वतंत्र वाट हवी. आतून, टेबलांमधून कुत्रा नेता येत नाही, कडेवर उचलूनसुद्धा नाही. कुत्रा लीशवर (पट्ट्याला लावलेल्या दोरीवर) किंवा पिशवीत हवा. खुर्चीवर, बाकावर किंवा सीटवर त्याला बसवायचं नाही, मग तो कितीही लहान असो. पाणी-खाणं द्यायचं तर वापरून फेकायच्या भांड्यातच. आणि वाढणाऱ्यांनी कुत्र्याला हात लावायचा नाही. लावला तर हात धुवून मगच पुढचं काम. सर्व्हरला "हात लाव ना, काही करत नाही तो" असा आग्रह करू नका. शिष्टाचार म्हणून तो नाही म्हणणार नाही, पण तुम्ही त्याच्या कामात खोळंबा केलेला असतो.

दाराशी सगळ्यांसाठी ठेवलेल्या सामाईक वाडग्यातलं पाणी कुत्र्याला पाजू नका. जिआर्डिया (जुलाब करणारा परजीवी) आणि खोकल्याचे आजार अशाच वाडग्यांतून पसरतात. वापरून फेकायचे एक-दोन कागदी वाडगे स्वतःजवळ ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लीश खुर्चीला किंवा टेबलाला बांधू नका. काहीही झालं तरी बांधू नका.

यात नेमकं काय होतं ते सांगते. पॅटिओवरच्या लोखंडी-ॲल्युमिनियमच्या खुर्च्या दिसतात दणकट, पण वजनाला पाच-सहा किलोच्या असतात. लॅब असतो तीस किलोचा. पलीकडून दुसरा कुत्रा जातो, हा उठून एक झेप घेतो आणि खुर्ची हलते. काँक्रीटवर ती घासल्याचा खरखराट थेट त्याच्या शेपटीमागे होतो. तो दचकून पळतो. पळाला की खुर्ची मागे येते, आवाज वाढतो, म्हणून तो आणखी जोरात पळतो. मघापर्यंत शांत झोपलेला कुत्रा आता घाबरून सुसाट सुटलेला असतो आणि मागे धातूची खुर्ची उसळत असते. वाटेत बाबागाडी असते, गरम सूपचा ट्रे असतो, काठी टेकत चाललेले आजोबा असतात. त्या अवस्थेत कुणी त्याला धरायला गेलं तर आयुष्यात कधी न चावलेला कुत्राही चावतो.

आणि चावल्याचा हिशेब इथे फार सरळ आहे. कॅलिफोर्नियात कुत्रा सार्वजनिक जागी कुणाला चावला तर जबाबदारी मालकाची. "आधी कधी चावला नव्हता" हा बचाव चालत नाही. त्याला रेबीजची लस दिलेली असली तरी दहा दिवस वेगळं, देखरेखीखाली ठेवावं लागतं. आपल्या रेंटर्स किंवा होमओनर्स इन्शुरन्समध्ये कुत्र्याचं चावणं येतं का, ते आजच कागद काढून बघा. काही कंपन्या जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन अशा जाती सरळ वगळतात आणि लोकांना ते दाव्याच्या दिवशी कळतं. डॉक्टरचं बिल, वकील, दावा हे सगळं "दोनच मिनिटं बांधून आत जाऊन आले" यातून उभं राहतं.

ही दोन मिनिटं येतात कुठून? काउंटरवर ऑर्डर द्यायच्या जागांमुळे. कॉफी, बर्गर, बोबा (साबुदाण्यासारखे गोळे घातलेला चहा) यांची रांग दुकानाच्या आत असते आणि कुत्रा आत चालत नाही. एकटा माणूस मग लीश खुर्चीला अडकवून आत जातो. उपाय साधे आहेत. एकट्याने जायचं तर टेबलावर येऊन ऑर्डर घेणारी जागा निवडा. काउंटरचीच जागा असेल तर फोनवरून आधी ऑर्डर द्या आणि "बाहेर आणून द्याल का" असं विचारा. गर्दी नसेल तर बहुतेक जण देतात. जेवण टेबलावर आलं की लगेच बिल भरून टाका, म्हणजे कुत्रा कुरकुरू लागला तर उठून निघता येतं. शू लागलेलं मूल बरोबर असेल तर दुसरा मोठा माणूस हवाच.

लीश सहा फुटी, चपटी, साधी घ्या. बटण दाबून लांब होणारी दोरीची लीश पॅटिओवर आणूच नका. ती टेबलांच्या पायांत गुंतते आणि वेटरच्या घोट्यात अडकते. बसल्यावर लीशचं टोक हातात धरा, मधला भाग मांडीखाली दाबा आणि कुत्र्याला वळून आडवं होता येईल एवढीच, दोन-अडीच फूट, मोकळी सोडा. मोठ्या कुत्र्याची लीश मनगटाला गुंडाळू नका.

आता जागा. सनीवेलची मर्फी ॲव्हेन्यू, म्हणजे वॉशिंग्टन आणि एव्हलिनमधला जुना रस्ता, 2020 पासून गाड्यांना बंद आहे. टेबलं रस्त्यावर आहेत, आत शिरायची गरज नाही. कुत्र्यासाठी आमच्या भागात एवढी सोयीची दुसरी जागा नाही. पण एव्हलिनच्या टोकाला कॅलट्रेन या लोकल रेल्वेचं स्टेशन आहे. सप्टेंबर 2024 पासून विजेच्या गाड्या आल्यापासून इंजिनाचा गडगडाट गेला, भोंगा आणि फाटकाची घंटा मात्र आहेच. नवख्या कुत्र्याला पहिल्या काही वेळा वॉशिंग्टनच्या टोकाकडे बसवा. उन्हाळ्यात संध्याकाळी रस्त्याच्या पश्चिमेकडची टेबलं आधी सावलीत येतात, ती मागून घ्या. हिवाळ्यात पॅटिओवर गॅसचे उंच हीटर लावतात, त्यांच्या पायथ्यापासून लांब बसा.

शनिवारी सकाळी मात्र कुत्र्याला घेऊन मर्फीवर जाऊ नका. तेव्हा तिथे शेतकरी बाजार भरतो, आणि विक्रीच्या अन्नापासून वीस फुटांच्या आत जनावर आणायला राज्याच्या कायद्याने मनाई आहे. सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीला शिकवलेला कुत्रा, तेवढा अपवाद. नवीन लोक नेमके याच वेळी येतात. सकाळ छान असते, गर्दी असते, कुत्रा मिरवायचा असतो. मग कडेला अडवलं की तोंड पडतं. माउंटन व्ह्यूचा रविवारचा बाजारही तसाच.

माउंटन व्ह्यूची कॅस्ट्रो स्ट्रीटही गाड्यांना बंद आहे आणि तिथे खाण्याची विविधता मर्फीपेक्षा जास्त आहे. पण संध्याकाळी सहानंतर गर्दी इतकी असते की मोठ्या कुत्र्याला टेबलाखाली नीट पसरता येत नाही. दुपारी जा. त्याच शहराच्या शोअरलाइन पार्कमध्ये कुत्रे चालत नाहीत, तेव्हा "जेवून तिथे फिरू" असा बेत करू नका. क्युपर्टिनोच्या मेन स्ट्रीटमधलं लेझी डॉग हे रेस्टॉरंट पॅटिओवर कुत्र्यांसाठी वेगळा मेनू ठेवतं, पॅटी किंवा चिकन आणि ब्राउन राइस. पॅटी बीफची असते. इन-एन-आउट या बर्गरवाल्यांची कुत्र्यांसाठीची बिनमिठाची पप पॅटीही बीफचीच. घरात चालत नसेल तर मागवण्याआधी ठरवा, टेबलावर आल्यावर सासूबाईंसमोर चर्चा नको. सॅन होझेचं सँटाना रो हे दुकानं-हॉटेलांचं संकुल कुत्र्यांना सरावलेलं आहे, पण शनिवार-रविवार तिथे पार्किंगलाच जीव जातो.

एल कमिनो या हमरस्त्यावरच्या आपल्या देशी हॉटेलांबद्दल स्पष्टच सांगते. बहुतेकांना पॅटिओ नाही. दाराबाहेर पार्किंगच्या कडेला दोन टेबलं असतात, तो पॅटिओ नव्हे. तिथे "भाईसाब, जरा ॲडजस्ट करा" म्हणून कुत्रा घुसवणारे आपलेच लोक असतात, आणि तपासणीत अडचण आली की भोगतो तो हॉटेलवाला. पार्सल घ्या आणि घरी जा.

फोन करताना "डॉग-फ्रेंडली आहात का" एवढंच विचारू नका, कारण उत्तर नेहमी हो येतं. तीन प्रश्न विचारा: पॅटिओवर बाहेरून येता येतं का, मोठा कुत्रा चालतो का, आणि कडेचं टेबल मिळेल का. गूगल मॅप्स किंवा येल्पवरची "कुत्र्यांना परवानगी" ही खूण जुनी असू शकते.

कुत्र्याची तयारी घरी करायची. एक जुनी सतरंजी घ्या. जेवणाच्या टेबलाखाली ती पसरून त्याला तिच्यावर आडवं व्हायला शिकवा, आधी पाच मिनिटं, मग दहा, मग तुमचं जेवण होईपर्यंत. उठला तर रागावू नका, परत सतरंजीवर आणा. हे आठवडाभर नीट जमलं की तीच सतरंजी घेऊन आडवारी दुपारी तीन वाजता फक्त कॉफीला जा आणि वीस मिनिटांत परत या. पूर्ण जेवण त्याच्या पुढची पायरी. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास चालवा, शी-शू होऊ द्या. सोबत दही माखून गोठवलेली चाटायची चटई न्या. अर्धा तास तो तिच्यात रमतो. टेबल कोपऱ्याचं घ्या, कुत्रा भिंतीच्या बाजूला, माणसं वाटेच्या बाजूला. इथले लोक हात लावण्याआधी बहुधा विचारतात, ही त्यांची सवय मला फार आवडते. "आत्ता नको" म्हणायला तुम्हीही संकोचू नका, कुणाला राग येत नाही.

आई-बाबा उन्हाळ्यात येतात तेव्हा नवाच प्रश्न असतो. आजी प्रेमाने ताटातला घास काढून कुत्र्याला घालतात, आणि आपल्या ताटात कांदा-लसूण नाही असं होत नाही. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. एक मध्यम कांदा, साधारण दीडशे ग्रॅम, दहा किलोच्या कुत्र्याला बाधू शकतो. शिजवून, तळून किंवा पूड करून त्याचं विष जात नाही. लसूण तर त्याहून विषारी. लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, हिरड्या फिक्या, लघवी गडद, म्हणून कांदाभजीशी त्याचा संबंध कुणी जोडतच नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे एकही नको. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि इतके चालतील असं प्रमाणच नाही. शिऱ्यातला, पुलावातला बेदाणा यात आला. तंदुरीचं शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. आणि खुर्चीला लटकवलेली पर्स बरोबर कुत्र्याच्या नाकाशी येते: तिच्यातल्या शुगर-फ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल आणि कुत्र्याने ते खाल्लं तर अर्ध्या-एक तासात त्याच्या रक्तातली साखर कोसळते. पर्स मांडीवर ठेवा. आजींना बोलून वाईट वाटू देण्यापेक्षा त्यांच्या हाताशी कुत्र्याच्या बिस्किटांची डबी द्या, त्यांना त्यातलीच द्यायला सांगा.

ऑनलाइन "सर्व्हिस डॉग" लिहिलेलं जॅकेट घेऊन आत शिरणाऱ्यांविषयी मला राग आहे. खरा सर्व्हिस डॉग अपंग माणसाच्या कामासाठी शिकवलेला असतो आणि त्याला आतही प्रवेश असतो. आधार वाटतो म्हणून पाळलेला कुत्रा त्यात मोडत नाही. खोटा दावा हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे: एक हजार डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद. जॅकेट घातलेला एक कुत्रा आत कुणावर भुंकला की पुढच्या खऱ्या अंध माणसाला दारात उभं राहून पटवून द्यावं लागतं.

मे महिन्यापासून वाळक्या गवताची कुसळं बोटांच्या फटीत, कानात शिरतात आणि आतच सरकत जातात, म्हणून फिरून आल्यावर बसण्याआधी चारही पंजे बोटं फाकवून बघा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याला चालवू नका. गाडीत ठेवून आत जेवायला बसू नका. उन्हात हा गुन्हा आहे, आणि 2017 पासून जनावराला वाचवण्यासाठी, पोलिसांना कळवून, वाटसरूला काच फोडायची मुभा आहे. पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत, साधारण सोळा आठवडे, त्याला पॅटिओच्या फरशीवर ठेवू नका. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणू फरशीवरून येतो. रेबीजची लस आणि शहराचा परवाना झालेला असावा. चोवीस तास चालणाऱ्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा, आणि फोन करताना काय खाल्लं, किती, केव्हा आणि कुत्र्याचं वजन किती, या चार गोष्टी आधी सांगा.