अँटी-स्पायवेअर: मत जुनं, कॉम्प्युटर नवा, या चुका टाळा

चवथीच्या आधी घराची साफसफाई निघाली की लोकांना कॉम्प्युटर पण आठवतो आणि मला फोन सुरू होतात. फोंडा, कुर्टी, माशेल, कुठूनही. तक्रार एकच, "स्लो झालाय रे", आणि त्याच्याबरोबर एक पक्कं मत फुकट. कोणी म्हणतो अँटी-स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्राम (स्पायवेअर) पकडणारं सॉफ्टवेअर, दोन तरी हवेतच, कोणी म्हणतो सगळी लूट आहे, काही टाकू नको, आणि कॉलेजची पोरं म्हणतात विंडोजबरोबर येणारा डिफेंडर आहे ना, बस झालं. गंमत म्हणजे तिघांचंही कधी ना कधी बरोबर होतं. फक्त मत ज्या साली बनलं त्याच सालात माणूस बसून राहिलाय.

एकावर एक तीन टाकणं

दोन तरी हवेतच हे मत विंडोज एक्सपीच्या काळातलं. तेव्हा सरकारच्या सायबरएज योजनेतले कॉम्प्युटर गोव्यात घरोघरी आले होते, डायल-अपवर रात्री उशिरा नेट, आणि ब्राउझरला चार टूलबार. त्या वेळी अ‍ॅड-अवेअर आणि स्पायबॉट ही दोन्ही अँटी-स्पायवेअर ठेवा हा सल्ला एकदम करेक्ट होता, कारण एकाच्या हातून सुटलेलं दुसऱ्याला सापडायचं आणि बरेच अँटीव्हायरस स्पायवेअरकडे बघायचेच नाहीत. पण तेव्हा आपण बटन दाबलं की स्कॅन, मग गप्प, असाच बहुतेकांचा वापर. आजचे प्रोग्राम चोवीस तास जागे असतात, प्रत्येक फाईल उघडताना मध्ये येतात, आणि दोन जागे असले की एकमेकांच्या पायात पाय.

आमच्या ओळखीतले एक काका, बँकेतून रिटायर. त्यांच्या मशीनवर लॅपटॉपबरोबर आलेली एक ट्रायल, पोराने घेऊन दिलेलं एक पेड आणि काकांनी स्वतः डाउनलोड केलेला एक "क्लीनर". चालू केल्यावर चहा होऊन जायचा तरी डेस्कटॉप येत नव्हता. त्यात ट्रायल कधीच संपलेली, ती रोज फक्त पैसे मागायची, आणि काकांचं मत झालेलं की स्पायवेअर वगैरे काही नसतंच, हे लोकच घाबरवून पैसे काढतात. त्यांची चूक तरी काय म्हणू, विनफिक्सर, स्पायशेरीफ असले खोटे प्रोग्राम एके काळी खरंच हेच करायचे. आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीला ग्राहकांचा ब्राउझिंग डेटा विकल्याबद्दल 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले, म्हणजे राखणदारच खिडकीतून डोकावत होता. संशय घ्या, जरूर घ्या, पण संशय घेऊन तिन्ही चालू ठेवण्यात काय अर्थ?

माझी सवय: जागा राहणारा एकच. बाकीचे त्या त्या कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढतो, कारण नुसतं अनइन्स्टॉल केलं की शेपूट मागे राहतं. मग रीस्टार्ट करून विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर खरंच चालू झालाय का ते डोळ्यांनी बघतो. दुसरं मत हवंच असेल तर मालवेअरबाइट्स नावाच्या स्कॅनरचं फ्री व्हर्जन, ट्रायल नको म्हणायचं, स्कॅन करायचं आणि बंद.

डिफेंडरचे हातपाय बांधून डिफेंडरलाच शिव्या

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि करणारे बहुतेक हुशार समजले जाणारे. डिफेंडर 2006 मध्ये आला तेव्हा फक्त स्पायवेअर बघायचा, मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची कंपनी घेऊन त्यावर बनवलेला. व्हायरस पकडायला तो 2012 ला विंडोज 8 मध्ये शिकला. म्हणजे व्हिस्टाच्या काळात "काय कामाचा नाही" म्हणणारे बरोबर होते, आज घरच्या वापराला तो पुरतो. पण तो चालू असला तर ना!

डिचोलीचा एक पोरगा, व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर फुकट हवं. क्रॅकबरोबर (लायसन्स चुकवणारा चोरटा प्रोग्राम) आलेल्या फाईलमध्ये लिहिलेलं की अँटीव्हायरस "चुकून" अडवतो, फोल्डर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत, घाला. साहेबांना फोल्डर शोधायचा कंटाळा, त्यांनी अख्खा सी ड्राइव्ह घातला. थोड्याच दिवसांत इन्स्टाग्राम गेलं, मग ईमेल. मला म्हणतो डिफेंडर बोगस, हांवें कांयच करूंक ना (मी काहीच केलं नाही). स्क्रीनवर हिरवी टिक होतीच, कारण एक्सक्लूजन कितीही मोठं असलं तरी टिक हिरवीच राहते. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स, तिथे एकच ओळ, सी कोलन. तोंड बघण्यासारखं झालेलं.

यात कळीचा मुद्दा हा की पूर्वीचं स्पायवेअर दिसायचं, पॉपअप यायचे, होमपेज बदलायचं. आताचं चोरटं सॉफ्टवेअर ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (पासवर्ड न विचारता आत सोडणाऱ्या छोट्या नोंदी) उचलून गुपचूप निघून जातं, मशीन मस्त फास्ट चालत असतं, म्हणून लोकांना वाटतं आता अँटी-स्पायवेअरची गरजच उरली नाही.

अशा वेळी मी आधी एक्सक्लूजन्स रिकामे करतो, मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन, मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं जातात, पावसात लाईट जाणार नाही अशी वेळ बघून लावा. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, त्याच मशीनवरून नाही, आणि सगळीकडून लॉग आउट करा, कारण चोरलेली कुकी नुसत्या पासवर्ड बदलण्याने मरेलच असं नाही. स्कॅन क्लीन आलं तरी क्रॅक चालवलेल्या मशीनवर मी विंडोज नव्याने टाकतो. यावर "शॉर्टकट नाही का" विचारणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही, शॉर्टकटनेच इथपर्यंत आलात.

बाकीचं पटापट

कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस" येतंय? बहुतेक वेळा ते कुठल्याशा साईटला दिलेलं नोटिफिकेशनचं परमिशन असतं, ब्राउझरच्या साईट सेटिंग्जमध्ये जाऊन काढा, त्यातला नंबर फिरवू नका.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे क्लीनर. नको. का ते विचारू पण नका.

स्कॅनमध्ये आलं ते सगळं डिलीट मारू नका, क्वारंटाइन करा, म्हणजे वेगळं कोंडून ठेवा, थोडे दिवस बघा. ट्रॅकिंग कुकीला धमकी म्हणून मोजून आकडा फुगवणारे प्रोग्राम अजून आहेत.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यावर महागडं अँटी-स्पायवेअर घेऊन बसण्यापेक्षा 11 चालतंय का ते आधी बघा.

फुकट टूल हवंच असेल तर सर्च करून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करू नका, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर मिळतात. पैसे गेले असतील तर मला नंतर, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लगेच, संध्याकाळी बघू म्हणून नाही.