नव्या आयांनी जवळपासच्या मैत्रिणींचा ग्रुप कसा जमवावा

माहेरचं बाळंतपण आटोपून मुलगी तीनेक महिन्यांनी बाळासकट परतते, तेव्हा खरी कसोटी लागते. सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडून गोव्यात दिलेल्या मुली कितीतरी आहेत. पर्वरीच्या नाहीतर वास्कोच्या फ्लॅटमध्ये नवरा वेर्ण्याला शिफ्टवर गेला की दिवसभर बोलायला माणूस नसतं. माहेरी आई होती, अंघोळ घालणारी बाई होती, येणारं-जाणारं होतं. इथे सगळं एकदम थांबतं. हातातल्या फोनचा अशा वेळी फार मोठा आधार होतो. तो कसा जुळवायचा, ते सांगते.

फेसबुकवर देशभरातल्या आयांचे हजारो सदस्यांचे ग्रुप आहेत. दात कधी येतात, डायपरचे पुरळ कशाने जातात, हे विचारायला ते ठीक. पण रात्री तीन वाजता "आज मला रडूच येतंय" असं तिथे लिहायला धीर होत नाही, आणि लिहिलं तरी उत्तर देणारी कुठल्या गावची, कोण, काहीच ठाऊक नसतं. म्हणून माझं मत ठाम आहे: आपल्याच तालुक्यातल्या, साधारण एकाच वयाची बाळं असलेल्या वीस-पंचवीस जणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप सगळ्यात कामाला येतो.

पहिल्या चौघी शोधा

त्या लसीकरणाच्या दिवशी भेटतात. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींना आरोग्य केंद्राच्या बाकावर पुन्हापुन्हा त्याच आया समोर येतात, कारण बाळं एकाच वयाची असतात. टोचून झाल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात, तो वेळ बोलायलाच असतो. नंबर मागायला संकोच करू नका; समोरचीही बहुतेक कुणीतरी विचारेल म्हणून वाट पाहत असते. अंगणवाडी सेविकेलाही सांगून ठेवा. वाड्यावर कोण बाळंतीण आहे हे तिला सर्वांत आधी कळतं.

वय एक असावं असं म्हणते, कारण मग प्रश्न एकाच वेळी येतात. सहा महिने पुरे झाले की सगळ्याच जणी नाचणीचं सत्त्व आणि उकड्या तांदळाची पेज यांवर बोलू लागतात. ज्या आईचं मूल चार वर्षांचं आहे, तिला ते दिवस आठवतात, पण ती आज त्यातून जात नसते.

भाषेचा आग्रह धरू नका. कोणी मराठीत लिहील, कोणी कोंकणीत, कोणी रोमन अक्षरांत. बाळ मांडीवर असताना एका हाताने टाइप करणं कठीणच, तेव्हा व्हॉइस मेसेजला मनाई करू नका. उलट ज्या बायकांना लिहायची सवय नाही, त्या त्यामुळेच बोलत्या होतात.

आधी सेटिंग बघा

ग्रुपमध्ये आलात की तुमचा नंबर सर्वांना दिसतो. म्हणून नवीन सदस्य अॅडमिनच्या मंजुरीनेच येईल अशी सेटिंग सुरुवातीलाच लावा, आणि जिला कुणीतरी प्रत्यक्ष ओळखतं तिलाच घ्या. जॉइन होण्याची लिंक दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. अॅडमिन दोघी ठेवा. एकीचं बाळ आजारी पडलं तर दुसरी असते.

बाळाचे अंघोळीचे फोटो टाकायचे नाहीत, हा नियम कुणाला वाईट वाटलं तरी ठेवा. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो टाकण्याआधीही बघा: त्यावर आईचं नाव, पत्ता, फोन नंबर, बाळाची जन्मतारीख सगळं असतं. लसीची नोंद दाखवायची तर तेवढाच भाग कापून पाठवा.

सल्ला मागितल्यावरच

ग्रुप मोडतो तो बहुतेक सल्ल्यांमुळे. एकीने लिहायचं, "दूध पुरत नाही वाटतं", की लगेच दहा जणींनी अळीव, शतावरी, डिंकाचे लाडू, आणि अकरावीने "तूच पुरेसं पाजत नसशील". ती मुलगी पुन्हा लिहीत नाही. यावर साधा उपाय आहे: उत्तर देण्याआधी विचारायचं, "सल्ला हवा की नुसतं मन मोकळं करायचंय?" हा नियम ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवा. सिझेरियन झालं, वरचं दूध सुरू केलं, नोकरीवर लवकर गेली, यांवरून कुणाला टोचून बोलायचं नाही, हेही त्यातच येतं.

औषधाच्या बाबतीत मात्र नियम कडक हवा. समजा कुणी लिहिलं, "ताप आला, मी पॅरासिटामॉल दिलं, अमुक एमएल." पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका एमएलला साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ एमएलला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. म्हणजे ड्रॉप्स चौपट तीव्र. सिरपचं माप वाचून कुणी तेवढेच ड्रॉप्स पाजले तर काय होईल, ते तुम्हीच बघा. शिवाय मात्रा बाळाच्या वजनावर ठरते. तेव्हा ग्रुपवर औषधाचे आकडे टाकायचेच नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर ग्रुपवर विचारत बसायचं नाही, थेट दवाखाना. मध चाटवायचा सल्लाही चालू देऊ नका. वर्षाच्या आत मधाने बाळाला बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला कुणी शिरलं तर काढून टाका. दोन वर्षांखालच्या बाळांचं डब्याचं दूध, खाऊ आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

फोनबाहेर भेटा

महिन्यातून एकदा तरी. पणजीकडच्यांना कांपालची बाग, फोंड्याकडच्यांना मंगेशी किंवा कवळ्याच्या देवळाचं मोकळं आवार, म्हापशाच्यांना शुक्रवारच्या बाजारानंतर कुणाचं तरी घर. सकाळी नऊ ते अकरा बरं, ऊन चढायच्या आत. खायचं करत बसू नका, नाहीतर यजमानीण स्वयंपाकघरातच अडकते. कपडे, पाळणा, पावसाळ्यात न वाळणारे लंगोट यांची देवाणघेवाण इथेच होते. अन् जिच्या घरचे "फोनवर कसल्या बायका भेटतात" म्हणून नाक मुरडतात, तिच्या सासूबाईंनाही एकदा बोलवा. प्रत्यक्ष पाहिल्यावर बरेचदा त्यांचा विरोध मावळतो.

एखादी गप्प झाली तर

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलं असताना झोप येत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, "मी नसते तर बरं" असं बोलणं येऊ लागलं, तर ते ग्रुपने धीर देऊन भागणारं नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) आणि आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ, दोन्ही आहेत. भलतेसलते आवाज ऐकू येणं, बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं ही तातडीची वेळ, तेव्हा १०८ लावा आणि तिला एकटं सोडू नका.

नंबर पाठवून मोकळं होऊ नका. तिला स्वतंत्र फोन करा आणि सरळ विचारा, कसं वाटतंय. दवाखान्यात जायला एक मैत्रीण सोबत, बाळाजवळ थांबायला दुसरी, आणि घरच्यांशी बोलायला तिच्या ओळखीची तिसरी, हे आधीच ठरवून ठेवा.